पिशोरचं डालगं आणि अकरा पिलं

भाद्रपद लागला की माझं डावं कोपर खाजायला लागतं. उजवं नाही, डावंच. शहरातले झाडून सगळे कातडीचे डॉक्टर मी पालथे घातलेत. एकानं मलम दिलं, एकानं गोळ्या दिल्या, आणि एकानं हे सगळं मनाचं आहे असं सांगून घरी पाठवलं. मनाला खाज सुटते हे मला मान्य आहे. पण ती बरोबर कोपरालाच का आणि भाद्रपदातच का, हे त्याला सांगता आलं नाही. मला येतं. त्या कोपरात एक पिसू राहते. पाच वर्षांपूर्वी शिरली, तिथंच संसार थाटला, आता तिची नातवंडं शाळेत जात असतील.

यंदाही तो महिना आलाय. पाऊस चार दिवस उघडतो, मग असं ऊन पडतं की अंगणातल्या ओल्या भिंतीतून वाफ निघताना दिसते. दोरीवरचे कपडे वाळतात, पण त्यांचा वास वाळत नाही. आमचं घर पैठण रोडला, शहर संपता संपता. बिडकीनकडून वारा आला की आधी मक्याच्या कणसांचा गोडसर वास येतो आणि त्याच्या मागोमाग कुठल्या तरी बांधकामाची धूळ. गणपती गेल्यामुळं गल्ली सामसूम असते. पितृपंधरवडा लागलेला असतो आणि कावळे जहागीरदारासारखे या गच्चीवरून त्या गच्चीवर पाहणी करत फिरत असतात. बारीकसारीक जिवांचा हा लाडका महिना. गव्हात सोंडे होतात, डाळीत जाळी होते, आणि कोंबड्यांत पिसवा.

पुस्तकात त्यांना माइट म्हणतात. आमच्याकडं अंगावर चढून रक्त पिणाऱ्या सगळ्यांनाच पिसवा म्हणतात, माणसं सोडून. खसखशीच्या दाण्याहून बारीक. उपाशी असली तर मातकट, जेवलेली असली तर तांबडी. पण आमच्या त्या वर्षीच्या पिसवा वेगळ्याच होत्या. एवढ्या माजल्या होत्या की दुपारी भिंतीला कान लावला तर त्यांच्या चालण्याचा आवाज यायचा. आमचे हे त्यातली एक अंगावर घेऊन कंपनीत गेले, तर तिसऱ्या दिवशी अख्खी शिफ्ट खाजवत होती, आणि साहेबाला वाटलं की कामगारांनी आपणहून कसरत सुरू केली. यातलं थोडंफार मी वाढवलं असेल. खाजवत होते हे खरं आहे.

त्या पिसवा आमच्या नव्हत्याच मुळी. पण ते कळायला पाच पिलं जावी लागली.

आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. यांची आई लवकर गेली, तेव्हा आक्कांनीच यांना वाढवलं. लग्न होऊन पिशोरला गेल्या तेव्हाही त्या भावाला आंदणासारखं बरोबर घेऊन गेल्या, असं सगळे सांगतात. मालक वारले, मूलबाळ नाही. शेत पुतण्याला बटाईनं दिलेलं. आक्का एकट्या राहायच्या, आणि एकटं राहण्याचा त्यांना मोठा डौल होता. मग एके सकाळी अंगणात पाय घसरला. गुडघा गेला. दुपारी शेजारीण विरजण मागायला आली तोवर त्या तशाच पडून होत्या, उन्हात, आणि भोवती कोंबड्या दाणे टिपत होत्या. आक्का सांगताना एवढंच सांगायच्या की कोंबड्यांनी त्या दिवशी फार घाण केली.

हे जाऊन त्यांना घेऊन आले. आक्का एसटीनं आल्या त्या शोभायात्रेसारख्या. एका हातात पिशवी, पिशवीतून मान बाहेर काढून बसलेली एक काळी कोंबडी, दुसऱ्या हातात काठी, आणि यांच्या डोक्यावर तुराट्यांचं भलंमोठं डालगं. डालगं म्हणजे उलटी घालायची टोपली, संध्याकाळी कोंबडी आणि तिची पिलं तिच्याखाली झाकून ठेवायची. कंडक्टरनं म्हणे कोंबडीला अर्धं तिकीट लावलं आणि डालग्याला पूर्ण, कारण डालग्यानं खिडकीची जागा धरली होती. सबंध गाडी त्याच्याशी आदरानं वागत होती. एका म्हातारबुवांनी तर उतरताना त्याला रामराम घातला.

घरात पाय ठेवल्या ठेवल्या आक्कांनी अट सांगितली. त्यांच्या सासरी एक रीत होती. माणूस नव्या जागी राहायला गेलं की आधी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची. पिलं निघाली आणि जगली तर जागा आपल्याला धरते. मेली तर गाठोडं बांधायचं.

"आक्का, तुमच्या भावाचं घर आहे. त्याला कोंबडीची परवानगी कशाला?" मी म्हटलं.

"जागा माणसाशी खोटं बोलती, शोभा," त्या म्हणाल्या. "पिलाशी नाय बोलत. पिलं जगली तर ऱ्हाईन. नाय जगली तर मला पिशोरच्या गाडीत बसवून द्यायचं. रडायचं नाय, आडवं यायचं नाय."

हे ऐकून यांचा चेहरा दहावीच्या निकालाच्या दिवशी असतो तसा झाला.

मला काय वाटत होतं ते खरं लिहायचं तर बेताबेतानंच लिहावं लागेल. नणंद कायमची राहायला येणार म्हटल्यावर कुठल्या भावजयीनं आनंदानं उड्या मारल्यात? आल्यापासून तिसऱ्या दिवशी माझा मिठाचा डबा उजवीकडून डावीकडं गेला होता. माझ्या भाकरीला त्या उन्हात धरून आरपार बघायच्या. पण ते अंगणातलं सकाळपासून दुपारपर्यंतचं पडून राहणं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मिठाचा डबा एका बाजूला आणि ते एका बाजूला. मी डबा डावीकडं राहू दिला.

काळी कोंबडी श्रावणात बसली, बारा अंड्यांवर. अकरा पिलं निघाली. पिलं मोजायची नसतात, मोजली की दृष्ट लागते, म्हणून आक्का मोजत नव्हत्या आणि मोजू देत नव्हत्या. हे मात्र रोज सकाळी पहिल्या शिफ्टला निघताना बूट घालायच्या निमित्तानं ओट्यावर बसायचे आणि चोरून मोजायचे. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला खूण करायचे. दोन्ही पंजे उघडून दहा, आणि वर हनुवटी उचलून अकरा. शेजारच्यांना वाटायचं की नवरा रोज सकाळी बायकोला हात जोडून रजा मागतो, म्हणून त्या गल्लीत माझा दरारा आहे तो आजतागायत.

पंधराएक दिवस पिलं मजेत होती. कणी टिपायची, आईच्या पाठीवर चढायची, नळाखालच्या ओलीत गांडुळावरून मारामारी करायची. मग ऊन चढलं, भाद्रपद लागला, आणि पिलं सकाळी डालग्यातून बाहेर येईनाशी झाली. आली तरी उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. पंख गळालेले, पिसं विस्कटलेली, पायांचा पिवळेपणा उडून ते कागदासारखे पांढरे. कोंबडी सारखी चोचीनं अंग खणायची. दिवसभर थोडी हुशारी यायची, आणि सकाळी पुन्हा रात्रभर गिरणीत राबल्यासारखी बाहेर पडायची. एके सकाळी यांचे पंजे उघडले, हनुवटी हलली नाही.

आक्कांनी आधी मीठमिरच्या उतरवल्या. मग म्हणाल्या, पिसवा आहेत, राख लावा. पिशोरला कोंबड्यांना पिसवा झाल्या की चुलीतली राख परसात पसरायची, कोंबड्या आपोआप त्यात लोळतात. साधी गोष्ट. पण तेव्हा माझ्या लक्षात आलं की या एवढ्या मोठ्या शहरात राख नाही. आमच्या गल्लीत तर नावालाही नाही. सगळीकडं गॅस. मी घरोघर वाटी घेऊन फिरले. एकीनं उदबत्तीची राख दिली, चिमूटभर, वर अंगारा समजून कपाळाला लावायला सांगितलं. इस्त्रीवाल्यानं कोळसा सोडून वीज घेतली होती. शेवटी स्कूटर काढली आणि शहागंजच्या मागं एका गल्लीत नानची भट्टी होती तिथं गेले. तिथं अजून लाकडं जळायची. भट्टीशी एक म्हातारे चाचा बनियनवर बसले होते, दाढीला पीठ लागलेलं. नान घ्यायला मोठी रांग. रांग संपेपर्यंत थांबले आणि दोन डबे पुढं करून राख मागितली.

त्यांनी माझ्याकडं आणि डब्यांकडं दोनदा बघितलं. "राख कायकू होना तुमकू, बाजी?"

मी माझ्या हिंदीत सांगितलं की कोंबडी के बच्चों को लगाना है, उनको किडे हुए है.

चाचा हसले नाहीत. उठून स्वतः राख चाळून दिली, डबे गच्च भरून, वर दोन गरम नान ठेवले. म्हणाले, त्यांची अम्मी पण हेच करायची, पण छोट्यांना बेतानं लावा. "मुँह पे नक्को डालो. दम घुटता उनका."

मी ती राख स्कूटरवर आणताना वाऱ्यानं निम्मी माझ्यावर उडाली. घरी पोचले तेव्हा कुंभमेळ्यातून थेट आल्यासारखी दिसत होते. आक्कांनी नान आधी घेतले.

पिलांना राख लावली. दहा करड्या पिलांचा आखाडा अंगणभर फिरला. दुपारपर्यंत जरा बरी वाटली, आणि सकाळी पुन्हा तेच. यांनी खिडकीतून नऊ बोटं दाखवली.

आता पुढचं आक्कांना माहीत नाही. त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि त्या छापील काही वाचत नाहीत, म्हणून इथं लिहून टाकते. एका ढगाळ सकाळी त्या डोळे तपासायला गेल्या होत्या, बरोबर हे होते, आणि मला वाटलं की आपण शिकलेल्या बाईनं काहीतरी करायला हवं. मी कडुनिंबाचा पाला उकळला, पाणी कोमट केलं आणि नऊच्या नऊ पिलांना एकेक करून आंघोळ घातली. मनात म्हणत होते, बघा आता. ऊन पडेल, वाळतील. ऊन पडलं नाही. ओली पिलं एकमेकांना चिकटून थरथरत राहिली. मी टॉवेल आणला, केस वाळवायचं मशीन आणलं, ओंजळीत धरून फुंकलं. दोन पिलं माझ्या ओंजळीतच गार झाली. आक्का आल्यावर मी सांगितलं की पिसवांनी खाल्ली. वाढवून सांगायची मला सवय आहे, पण त्या दिवशी मी कमी करून सांगितलं.

सात राहिली. संध्याकाळी आक्कांनी लुगडी घडी करून पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली. "इथली हवा पिलाला मानवंना," एवढंच यांना म्हणाल्या. "मग मला काय मानवायचीय." यांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. का टाकली हे विचारलं तर म्हणाले, पाय दुखतोय. त्यांचे दोन्ही पाय ठणठणीत होते.

सकाळी डालगं उचललं तर आणखी एक गेलं होतं. सहा. मी त्यातलं सगळ्यात मरतुकडं पिलू बुटाच्या खोक्यात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पिलाचे पंख उलटून बघितले, पापणी ओढून बघितली, फिकी पडली होती. मग मला विचारलं की दिवसा अंगावर किडे दिसतात का. मी सांगितलं, फारसे नाही. राख लावली, सगळं केलं. निंबाच्या पाण्याचंही सांगितलं. ते ऐकून तिनं मान वर केली.

"काकू, एवढ्या लहान पिलाला पाणी लावायचं नसतं. आणि दिवसा किडे दिसत नाहीत, पण पिलातलं रक्त रोज कमी होतंय. मग ही झोपतात कुठं?"

मी म्हटलं, डालग्यात.

तिनं सांगितलं की हे किडे पिलावर राहतच नाहीत. दिवसभर सांदीकोपऱ्यात, लाकडाच्या भेगांत बसून राहतात आणि अंधार पडला की जेवायला बाहेर येतात. पिलाला कितीही काही लावा, संध्याकाळी तुम्हीच त्याला ताटात वाढताय. घरी जा, पांढरं कापड अंथरा आणि डालगं त्यावर आपटा, म्हणाली. अशक्तपणावर पाण्यातून द्यायचे थेंब दिले, कोंबडीसाठी पावडर दिली आणि ती पिलांना लावायची नाही असं दोनदा बजावलं.

घरी येऊन मी यांचा धुतलेला पंचा अंगणात अंथरला. आक्कांना सांगितलं. डालगं आपटणं त्यांना मान्य नव्हतं. ते त्यांच्या मालकांनी विणलेलं, पहिल्या वर्षीच्या तुरीच्या तुराट्यांचं. त्याच्याखालचं एक पिलू कधी वाया गेलं नव्हतं म्हणे. पिशोरला शेजारणी ते मागून न्यायच्या, कोंबडी बसवली की आधी आक्कांचं डालगं आणा म्हणायच्या. गावातल्या दहा घरच्या कोंबड्या त्याच्याखाली निजल्या होत्या. दहा घरच्या पिसवाही. मालक गेल्यावर आक्कांनी ते धुतलं नव्हतं, त्यांचा हात पुसला जाईल म्हणून. फक्त वरून शेणानं सारवायच्या, दर सणाला, लेपावर लेप. किड्यांना वरून पक्कं छप्पर मिळालं होतं.

कोणी हात लावण्याआधी आक्का स्वतः उठल्या. काठी भिंतीला टेकवली, डालगं दोन्ही हातांनी उचललं आणि पंच्यावर एकदा आपटलं.

पंच्यावर आधी वाळलेल्या शेणाचे तुकडे पडले. मग ते तुकडे चालायला लागले. तांबडे ठिपके, शेकड्यांनी, पंच्याच्या काठाकडं. आक्कांनी वाकून एकावर अंगठा दाबून ओढला. पंच्यावर रक्ताची रेघ उमटली, बोटभर.

मग अंगठा लुगड्याला पुसला.

"मीच घेऊन आले व्हय," आक्का म्हणाल्या. "आणि मी हवेला नावं ठेवायले."

हे म्हणाले, "आक्का, रॉकेल लावू. उन्हात ठेवू. डालगं ठेवता येईल."

"ठेवून काय करायलास? मालकांच्या हातचं हाय म्हणून लेकरं खाऊ द्यायची व्हय?"

तीन विटा त्यांनीच मांडल्या. डालगं मोडायलाही त्यांनीच घेतलं, एकेक तुराटी ओढून, गाठ कुठं मारलीय हे त्यांना न बघता माहीत होतं. त्या जाळावर पाण्याचं पातेलं चढलं. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं आणि ते काल येऊन गेलं होतं, तरी मी हात आखडला नाही. कोंबडी निजायची तो कोपरा, फरशीच्या सांदी, भिंतीची भेग, सगळीकडं उकळतं पाणी ओतलं, वर चुना फासला. तुराट्या फटाफट वाजत होत्या. वाळलेलं शेण हळू जळतं, त्याचा धूर डोळ्यांत जातो, त्यामुळं कोण कशानं डोळे पुसतंय हे बघायची कुणाला गरज पडली नाही.

आठ दिवस सहा पिलं घरात प्लास्टिकच्या घमेल्यात राहिली, माझ्या स्वयंपाकघरात, मिठाच्या डब्याशेजारी. आक्का कापसाच्या बोळ्यानं थेंब पाजायच्या. पायांना पुन्हा पिवळेपणा आला. सहाच्या सहा जगली.

आता कौल काय लावायचा, हा प्रश्न होता. हे म्हणाले, सहा म्हणजे पाचापेक्षा जास्त. आक्का म्हणाल्या, ही काय ग्रामपंचायत हाय का. मग एके सकाळी त्यांनी ती दाराशी ठेवलेली पिशवी उचलली आणि यांना म्हणाल्या, स्टॅंडवर सोड. आडवं यायचं नाही असं ठरलेलं होतं. हे सोडून आले आणि दिवसभर पंखा पुसत बसले, एकच पंखा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षा थांबली. आधी रिक्षातून तुराट्यांचा भारा बाहेर आला, एवढा मोठा की रिक्षावाला त्याच्याखाली बसून शहरभर आंधळ्यासारखा आला असावा. मागून आक्का, हातात तीच पिशवी. मला न विचारता त्यांनी त्या तुराट्या माझ्या पिण्याच्या पाण्याच्या ड्रमात भिजत घातल्या, आठ दिवसांच्या पाण्यात, आणि सकाळी ओट्यावर विणायला बसल्या. त्यांनी जन्मात कधी डालगं विणलं नव्हतं, ते मालकांचं काम. चार वेळा विणलं, चार वेळा सोडलं. पाचव्यांदा जे झालं ते एका बाजूला कललेलं, वर भोपळ्यासारखं फुगलेलं. कोंबडी दोन दिवस त्यात शिरायला तयार नव्हती. हे म्हणाले की छान झालंय, आणि आक्कांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते कामावर वेळेआधी गेले.

त्या डालग्यावर शेण नाही. दर चार-आठ दिवसांनी आक्का ते उन्हात आपटतात, मला चष्मा लावून पंच्यावर बघायला लावतात, आणि मी काही नाही म्हटलं तरी पुन्हा बघायला लावतात. त्या सहांच्या आता किती पिढ्या झाल्या ते मोजायचं नसतं. दर भाद्रपदात, नेमका हाच वाईट महिना निवडून, त्या नवी कोंबडी बसवतात. या वेळची जगली तर बघू, म्हणतात. इथं राहते असं त्यांच्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. पिशवी अजून दाराशी आहे, मी तिच्यात जुने पेपर ठेवते.

रोज संध्याकाळी पिलं डालून झाली की ओट्यावर टेकतात, गुडघा चोळतात आणि मला हाक मारून विचारतात की पिशोरची शेवटची गाडी किती वाजता सुटती. मी वेळ सांगते. त्या घड्याळाकडं बघतात. गाडी सुटून तासभर झालेला असतो. पाच वर्षांत त्यांनी तासभर आधी एकदाही विचारलेलं नाही.